ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणे आणि वस्तीवर डिझेल साठवणे : सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांसाठी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ट्रॅक्टरचे काम वर्षभर सारखे नसते. उन्हाळ्यातील नांगरट, पेरणीआधीची मशागत आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी ऊसवाहतूक या काळात इंजिनाला उसंत नसते, आणि अशा वेळी पंप वस्तीपासून आठ-दहा किलोमीटरवर असेल तर प्रत्येक टाकीसाठी ट्रॅक्टर रस्त्यावर काढणे परवडत नाही. म्हणून वस्तीवस्तीवर डिझेलचे कॅन आणि बॅरल दिसतात. साठा करण्यात गैर काही नाही. परंतु हा साठा बहुधा गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीला लागून किंवा उघड्या अंगणात असतो, आणि इंजिनाचे व घराचे नुकसान तेथूनच सुरू होते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हे खरे असले तरी त्यामुळे आलेली बेफिकिरी महागात पडते. पुढील सर्व सूचना पाणी, धूळ आणि आग या तीन गोष्टी डिझेलपासून दूर ठेवण्यासाठी आहेत.

किती साठवावे

साठा कामाच्या हिशेबाने ठरवावा, बॅरलच्या मापाने नव्हे. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नांगर किंवा रोटाव्हेटर ओढताना जमीन, खोली आणि चालकाची सवय यांनुसार तासाला साधारण ४ ते ७ लिटर डिझेल घेतो. दिवसाचे आठ तास धरले तर ऐन हंगामात दररोज चाळीस-पन्नास लिटर लागतात, म्हणजे २०० लिटरचे एक बॅरल चार-पाच दिवसांचे काम भागवते. हंगाम संपल्यावर त्याच ट्रॅक्टरला आठवड्यात वीस लिटरही लागत नाहीत आणि बॅरलमधील डिझेल महिनोन्‌महिने पडून राहते. सहा महिन्यांपेक्षा जुना साठा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण जुन्या डिझेलमध्ये चिकट गाळ धरू लागतो आणि पाणी शिरले असेल तर हे बिघडणे अधिक वेगाने होते. ज्यांचा ट्रॅक्टर रोज पंपावरून जातो त्यांनी बॅरलच्या भानगडीत पडू नये. वीस लिटरचे दोन कॅन पुरेसे आहेत आणि भरलेला एक कॅन साधारण १७-१८ किलोचा असल्याने तो एका माणसाला उचलता येतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत साठा असेल आणि त्यातील कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर त्यासाठी परवाना लागत नाही. पेट्रोल ‘अ’ वर्गात असल्यामुळे त्याची मर्यादा फारच कमी, ३० लिटर, आहे. ‘डिझेल चालते तर पेट्रोलही चालेल’ असे समजू नये. ही सवलत स्वतःच्या वापरापुरती समजावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुटे डिझेल विकणे हा वेगळा विषय आहे आणि तो टाळावा. काही वेळा सुट्या विक्रीवर स्थानिक प्रशासन निर्बंध घालते, त्यामुळे बॅरल ट्रॉलीत टाकून निघण्यापूर्वी पंपावर फोन करून विचारलेले बरे.

जागा

घरात, माडीवर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत किंवा माणसे झोपतात त्या पडवीत डिझेल ठेवू नये. गोठ्यातही नको, जनावरे बांधलेली असताना आग लागली तर दावी सोडण्याइतकाही वेळ मिळत नाही. घर, गोठा, कडबा, चूल आणि विजेची मोटार-पेटी या सर्वांपासून शक्य तितक्या अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि विहिरीपासून दूर अशी स्वतंत्र जागा निवडावी. उसाच्या फडाच्या कडेला साठा असेल तर पाचट पेटवण्याचा दिवस ध्यानात ठेवावा. फडातून उडालेली जळती पाने बरीच दूर जातात. साठ्याभोवतालचे गवत आणि पाचट काढून जमीन उघडी ठेवावी.

छप्पर आवश्यक आहे, मात्र चारही बाजूंनी बंद केलेली पत्र्याची खोली नको. ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान भारतीय मानकात किमान ३५ अंश सेल्सियस ठरवलेले आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत मे महिन्यात सावलीतील हवाही याहून अधिक तापते, मग दुपारी पत्र्याच्या बंद खोलीत काय स्थिती असेल याची कल्पना करावी. म्हणून भिंती जाळीच्या किंवा अर्ध्या उंचीच्या, छप्पर उंच आणि शक्यतो झाडाच्या सावलीत असावे. चोरीची भीती असल्यास जाळीच्या दाराला कुलूप लावावे. त्यासाठी हवा कोंडण्याचे कारण नाही.

जमिनीवर सिमेंटचा कोबा करून भोवती विटांची ठेंगणी भिंत घ्यावी. आतील सर्वांत मोठे भांडे पूर्ण सांडले तरी डिझेल बाहेर जाणार नाही, इतकी जागा त्या कट्ट्यात असली पाहिजे. हा खर्च अनेकांना फाजील वाटतो. परंतु सांडलेले डिझेल जमिनीत मुरून विहिरीला लागले तर ते पाणी जनावरेही तोंडात घेत नाहीत आणि विहीर स्वच्छ करणे हे एका माणसाचे काम राहत नाही. जवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवावे. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये, कारण डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते.

कॅन आणि बॅरल

डिझेलसाठी जाड, दर्जेदार प्लास्टिकचे कॅन किंवा साध्या पोलादाचे बॅरल योग्य आहे. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी, बादली किंवा पाइप वापरू नये. जस्त आणि डिझेल यांच्या संयोगातून साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या भागात, जाऊन बसतो. तांबे आणि पितळही डिझेलच्या सतत संपर्कात राहिले तर डिझेल लवकर खराब होते. औषध फवारणीचे रिकामे डबे कितीही धुतले तरी चालत नाहीत. शीतपेयांच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर डिझेल कधीच भरू नये, कारण तहानलेले मूल बाटली पाहून ती तोंडाला लावते. प्रत्येक भांड्यावर ऑइलपेंटने ‘डिझेल’ असे ठळक लिहावे आणि भरल्याची तारीख खडूने नोंदवावी, म्हणजे जुने आधी वापरले जाते.

बॅरलमध्ये पाणी कोठून येते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तेथून उद्भवतात. दिवसा बॅरल तापते, आतील हवा प्रसरण पावते आणि बुचाच्या फटीतून थोडी बाहेर जाते. रात्री बॅरल थंड झाले की तेवढीच हवा आत ओढली जाते. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचलेले असेल तर हवेऐवजी ते पाणीच बुचाच्या आट्यांतून आत शोषले जाते. पाऊस नसला तरी अर्धवट भरलेल्या बॅरलमधील दमट हवेतील बाष्प रात्री पत्र्यावर दवासारखे जमते आणि थेंबाथेंबाने खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते, तेथे बॅरल आतून गंजते, आणि पाणी व डिझेल जेथे मिळतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढून काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. शिराळा, पाटण, जावळी, महाबळेश्वर या पावसाच्या पट्ट्यात ही तक्रार अधिक आढळते. तेथे पावसाळ्यात साठा शक्य तितका कमी ठेवावा. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत पाण्यापेक्षा बारीक धूळ अधिक त्रास देते.

वापरात नसलेले बॅरल छपराखाली आडवे ठेवावे आणि त्याची दोन्ही बुचे, म्हणजे मोठे आणि लहान, एकाच आडव्या रेषेत येतील असे फिरवावे. अशा स्थितीत भरलेल्या बॅरलची दोन्ही बुचे डिझेलच्या पातळीखाली राहतात आणि बाहेरची हवा किंवा पाणी आत ओढले जात नाही. खाली लाकडी ओंडके ठेवावेत व दोन्ही बाजूंना पाचर लावावी, म्हणजे बॅरल गडगडणार नाही. वापरायचे बॅरल मात्र उभे करावे आणि एका बाजूखाली दोन बोटे जाडीची फळी सरकवून ते किंचित कलते ठेवावे. मोठे बूच उंच बाजूला येऊ द्यावे आणि हातपंपाची नळी त्यातून आत सोडावी, जेणेकरून पाणी व गाळ सखल बाजूला जमतील आणि नळी त्यांच्यापासून दूर राहील. नळीचे टोक तळापासून तीन-चार इंच वर असले पाहिजे. तळाचे हे डिझेल वाया जाते, असे समजून काही जण बॅरल पालथे करून शेवटचा थेंबही ट्रॅक्टरमध्ये ओततात. त्यांनी त्या डिझेलची किंमत आणि इंजेक्टर पंपाच्या दुरुस्तीचे बिल शेजारी शेजारी ठेवून पाहावे. तळाचे डिझेल काचेच्या बरणीत काढून एक दिवस स्थिर ठेवावे. वरचे निवळ डिझेल गाळून वापरता येते, खालचे गढूळ पाणी वेगळे करावे आणि ते ओढ्यात ओतू नये.

पंपावरून आणलेले बॅरल लगेच वापरू नये. वाहतुकीत हललेला गाळ खाली बसण्यासाठी ते चोवीस तास स्थिर राहिले पाहिजे. बॅरल काठोकाठ भरू नये, कारण उन्हाने तापमान वीस अंशांनी वाढले तर २०० लिटर डिझेल साधारण तीन लिटरने फुगते आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते बुचातून बाहेर येते.

पंपावर आणि वाटेत

कॅन ट्रॉलीत किंवा जीपच्या हौद्यात ठेवून भरू नये. तो खाली जमिनीवर ठेवावा आणि नोझलचे टोक कॅनच्या तोंडाला टेकवून, सुरुवातीला हळू धार सोडून भरावा. वाहत्या डिझेलमध्ये स्थिर वीज निर्माण होते. कॅन जमिनीला टेकलेला असेल तर तिला निघून जाण्यास वाट मिळते. मापाबद्दल शंका असल्यास पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो मागण्यात संकोच करू नये.

भरलेले २०० लिटरचे बॅरल सुमारे १८५ किलोचे असते. ते ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीला टेकवून दोरखंडाने उभे बांधावे आणि उतरवताना जाड फळ्या लावून दोघांनी सावकाश खाली घ्यावे. वरून टायरवर बॅरल टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिने बॅरलचा सांधा उसवतो आणि पायाची बोटेही सापडतात.

ट्रॅक्टरमध्ये भरताना

दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरणे ही सर्वांत चांगली सवय आहे. रात्रभर टाकी रिकामी राहिली तर त्यातील हवेचे बाष्प पत्र्यावर जमून पाणी होते. टाकी भरलेली असेल तर हवेला फारशी जागा उरत नाही. सकाळी पंपावर किंवा बॅरलजवळ वेळ जात नाही, हा आणखी एक लाभ. मात्र काम थांबल्याबरोबर भरण्यास घेऊ नये. अनेक ट्रॅक्टरमध्ये टाकीचे तोंड बॉनेटवरच असते आणि खाली तापलेला सायलेन्सर व मॅनिफोल्ड असतो, ज्यांवर सांडलेले डिझेल क्षणात धुमसू लागते. ट्रॅक्टर सपाट जागी लावावा, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि ते हाताला सोसेल इतके निवेपर्यंत अवजाराची माती काढणे, ग्रीस भरणे ही कामे उरकून घ्यावीत. जवळ कोणी विडी ओढत असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत दूर पाठवावे, मग तो वडीलधारा असला तरी.

झाकण उघडण्याआधी त्याच्याभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. इंजेक्टर पंपातील भागांमधील अंतर काही मायक्रॉनचे असते आणि डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून डोळ्यांना न दिसणारा कणही तेथे काय करत असेल हे ध्यानात येईल. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आहेत, आणि या वर्गातील कॉमन रेल इंजिने, म्हणजे एका सामायिक नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणारी इंजिने, तर अशुद्ध डिझेल मुळीच सहन करत नाहीत. टाकीच्या तोंडातील जाळी ‘डिझेल लवकर जात नाही’ म्हणून काढून टाकू नये. कॅनमधून ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे आणि ते एरवी स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावे. धोतराचे किंवा लुगड्याचे फडके गाळणी म्हणून वापरू नये. त्याचे तंतू सुटून थेट फिल्टरमध्ये जातात. पावसात भरणे भाग पडले तर ट्रॅक्टर छपराखाली घ्यावा.

टाकीत किती डिझेल आहे हे पाहण्यासाठी काडी ओढू नये किंवा कंदील धरू नये. रात्रीच्या ऊसवाहतुकीत घाईघाईने असे घडते. हातातील बॅटरी (टॉर्च) जवळ ठेवण्याचा नियम चालकाला घालून द्यावा. टाकी गळ्यापर्यंत न भरता थोडी मोकळी ठेवावी. झाकणाला हवा येण्याचे छिद्र असते, ते चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी होऊन इंजिन कामात दम तोडते आणि दोष मात्र फिल्टरला दिला जातो. झाकण हरवल्यावर तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधणे हा उपाय नव्हे. नवे झाकण आणावे.

टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण तळाचा गाळ ओढला जातो आणि नळ्यांत हवा शिरते. तसे झालेच तर टाकी भरून, जुन्या पद्धतीच्या इंजिनात फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारावा. कॉमन रेल इंजिनाच्या जास्त दाबाच्या नळ्यांना घरी पाना लावू नये. तेथील दाबाने निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. फिल्टरखालच्या वाटीतील पाणी आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, निवळ डिझेल येईपर्यंत सोडावे.

डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल पडले तर ‘थोडेच आहे’ म्हणून इंजिन सुरू करू नये. टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी.

माणसाची काळजी

नळी तोंडात धरून डिझेल ओढण्याची पद्धत पूर्णपणे बंद झाली पाहिजे. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुफ्फुसांना गंभीर इजा होते. कोणी डिझेल प्यायले असेल तर त्याला उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी तेच डिझेल फुफ्फुसात जाण्याचा धोका अधिक असतो. १०८ क्रमांकावर फोन करून तातडीने दवाखान्यात न्यावे. साधा हातपंप बाजारात सहज मिळतो आणि एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. डिझेलने भिजलेले कपडे लगेच बदलावेत आणि हात साबणाने धुवावेत. सांडलेल्या डिझेलवर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि तो भुसा चुलीत घालू नये.

रिकामे बॅरल भरलेल्या बॅरलपेक्षा अधिक घातक असते. आत उरलेले थर वेल्डिंगच्या किंवा कटरच्या उष्णतेने वाफाळतात, ती वाफ आतल्या हवेत मिसळते आणि बॅरलचा स्फोट होतो. पाण्याची टाकी, चूल किंवा फाटक करण्यासाठी जुने बॅरल कापण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा आणि असे बॅरल भंगारवाल्याला देतानाही त्यात डिझेल होते हे सांगावे.

नदीकाठच्या गावांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णा-वारणाकाठच्या गावांना जे दाखवले त्यात डिझेलच्या साठ्याचाही भाग आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पूर्ण भरलेले बॅरलही पुराच्या पाण्यात तरंगते, भिंतींवर आदळते, फुटते, आणि मग तवंग घराघरांत पसरतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील आणि कराडच्या संगमाखालील सखल गावांत पावसाळ्यापूर्वी साठा वापरून संपवावा हे उत्तम. तसे शक्य नसेल तर बॅरल सिमेंटमध्ये पक्क्या केलेल्या लोखंडी कड्यांना साखळीने बांधावीत. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची सूचना मिळताच कॅन ट्रॉलीत घालून उंच जागी हलवावेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, परंतु वरच्या गावांनी तेथील आकड्याची वाट पाहत बसू नये.

पाणी ओसरल्यावर बुडालेला ट्रॅक्टर सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. टाकी, फिल्टर आणि नळ्यांतील सर्व द्रव बाहेर काढून, फिल्टर बदलून आणि इंजिन ऑइल तपासून मगच मेकॅनिकच्या देखरेखीखाली तो सुरू करावा. बुडालेल्या बॅरलमधील डिझेल बूच घट्ट होते या भरवशावर वापरू नये. ते दोन दिवस स्थिर ठेवून वरून थोडे काचेच्या बरणीत घ्यावे. उजेडात ते निवळ व चकचकीत दिसले आणि तळाशी थेंब जमले नाहीत तरच गाळून वापरावे. धुरकट दिसले तर ते ट्रॅक्टरसाठी बाद समजावे.